पांडवलेणीतली सातवाहन राणी गौतमी बलश्री लहान मुलाच्या वतीने राज्य करत होती का?

नाही. नाशिकच्या पांडवलेणीतला तिचा प्रसिद्ध लेख नातू पुळुमावीच्या 19व्या राजवर्षातला. मुलगा गौतमीपुत्र तर तिच्या डोळ्यांदेखत मोठा पराक्रमी राजा झाला होता. आमच्याकडचे हौशी गाइड सरसकट ‘राजमाता’ म्हणतात, त्यातून हा घोळ होतो.

लहान मुलाच्या वतीने राज्य करणारी, तुम्हाला हवी ती राणी विदर्भातली: वाकाटक राजघराण्याची प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची लेक. नवरा रुद्रसेन लवकर गेला, मुलगा दिवाकरसेन लहान. रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून तिने किमान 13 वर्षं कारभार हाकला. 13व्या वर्षी दिलेल्या ताम्रपटात ती स्वतःला ‘युवराजाची आई’ म्हणवते, पण गंमत बघा, वंशावळ देते ती माहेरच्या गुप्तांची! दिवाकरसेन मात्र गादीवर बसलेला दिसत नाही; पुढे धाकटी भावंडं राजे झाली.