शब्दचर्चा : धान्याची ‘उपलब्धता’ म्हणजे धान्य ‘खाणे’ का?

प्रश्न असा आहे : देशाच्या अन्नस्थितीवर लिहिताना उत्पादन, उपलब्धता, पुरवठा आणि खप हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले तर चालतात का? आणि ‘१९९१ ते २००१ या दहा वर्षांत भारतीय माणसाचे रोजचे धान्य खाणे ९४ ग्रॅमने घटले’ हे वाक्य बरोबर आहे का?

शब्द असे अदलून-बदलून वापरता येत नाहीत आणि वाक्यही चुकीचे आहे. आकडा मात्र खरा आहे, म्हणून चूक पटकन लक्षात येत नाही. अन्नधान्याची दरडोई निव्वळ उपलब्धता १९९१ मध्ये रोजची ५१०.१ ग्रॅम होती, २००१ मध्ये ती ४१६.२ ग्रॅम झाली. ही घट उपलब्धतेची आहे, खाण्याची नव्हे.

बोलताना आपण ‘उपलब्ध आहे’ म्हणतो तेव्हा मागितले की मिळते, असा अर्थ असतो. सरकारी तक्त्यातली ‘निव्वळ उपलब्धता’ ही वजाबाकी करून उरलेली रक्कम असते. कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यासाठी कोणी मोजलेले नसते. २००१ चाच हिशेब करून पाहा. आधीच्या पीकवर्षाचे, म्हणजे २०००-०१ चे उत्पादन १,९६८ लाख टन. त्यातून बियाणे, जनावरांचे खाद्य आणि नासाडी यांसाठी सरसकट साडेबारा टक्के वजा करतात. राहिले १,७२२ लाख टन. आयात वजा जाता निर्यात सुमारे ३० लाख टन, तीही वजा. आणि सरकारी साठ्यात त्या वर्षी सुमारे १२३ लाख टनांची भर पडली, तीही वजा. उरलेल्या १,५६९ लाख टनांना १०३ कोटींहून थोड्या जास्त लोकसंख्येने आणि ३६५ दिवसांनी भागले की ४१६ ग्रॅम येतात.

यातला तिसरा टप्पा महत्त्वाचा. पिकलेले धान्य सरकारने विकत घेऊन गोदामात ठेवले की तक्त्यात उपलब्धता कमी होते. तेच धान्य बाहेर काढले की वाढते. दारिद्र्यरेषेवरच्या कुटुंबांसाठी रेशनचा भाव २००० साली सरकारला पडणाऱ्या खर्चाइतका वाढवला गेला. रेशनच्या धान्याची उचल घसरली, हमीभावाची खरेदी चालूच राहिली, आणि २००२ च्या जुलैत केंद्राच्या साठ्यात गहू-तांदूळ मिळून सुमारे ६३० लाख टन धान्य पडून होते. म्हणून २००१ बद्दल ‘१९९१ पेक्षा एकूण धान्य कमी पिकले’ हेही चूक आणि ‘लोकांनी ९४ ग्रॅम कमी खाल्ले’ हेही चूक. ‘धान्य गोदामात साचले, बाजारात आणि रेशनवर कमी आले’ हे बरोबर. उलट बाजूही ध्यानात ठेवावी : शेतकऱ्याच्या घरातला आणि व्यापाऱ्याच्या वखारीतला साठा या हिशेबात धरलेलाच नाही. तो वाढला तरी तक्ता तो खाल्ला गेला असेच समजतो.

खाण्याबद्दल लिहायचे असेल तर राष्ट्रीय नमुना पाहणीचे कुटुंब-सर्वेक्षण घ्यावे. तिथे ग्रामीण माणसामागे महिन्याला तृणधान्य १९९३-९४ मध्ये १३.४ किलो होते, २००४-०५ मध्ये १२.१२ किलो, २०११-१२ मध्ये ११.२२ आणि २०२२-२३ मध्ये ९.६१ किलो. म्हणजे पहिल्या अकरा वर्षांत रोजचे साधारण ४३ ग्रॅम कमी झाले. घट आहे, पण ती संथ आहे आणि तिची कारणेही गोदामाशी निगडित नाहीत : अंगमेहनत कमी झाली, दूध-भाजी-तेल-अंडी यांवरचा खर्च वाढला, तयार पदार्थ घरात आले. (दुधाची दरडोई उपलब्धता २०२२-२३ मध्ये रोजची ४५९ ग्रॅम झाली होती. तोही उपलब्धतेचाच आकडा, प्यायलेल्या दुधाचा नव्हे.)

‘खप’ हा शब्द मी इथे टाळेन. खप म्हणजे माल विकला जाणे. मक्याचा खप वाढला असे म्हटले तर त्यात कोंबडीखाद्याचा कारखाना आणि स्टार्चची गिरणी दोन्ही येतात. माणसाच्या पोटात गेलेल्याबद्दल ‘आहारातील प्रमाण’ किंवा सरळ ‘खाणे’ म्हणावे.

‘पुरवठा’ची अडचण वेगळी आहे. तहसीलची पुरवठा शाखा, पुरवठा निरीक्षक, नागरी पुरवठा विभाग यांमुळे मराठी वाचकाच्या मनात पुरवठा म्हटले की रेशनच येते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अन्न-ताळेबंदात मात्र पुरवठा म्हणजे उत्पादन, आयात-निर्यात, साठ्यातला फरक, बियाणे आणि पशुखाद्य हे सगळे जमाखर्च करून माणसांसाठी राहिलेले अन्न. त्यात तेल, साखर, बटाटा, मासळीही येते. भारतापुरता तो १९६१ मध्ये माणशी रोज सुमारे २,००० कॅलरी होता, अलीकडे अडीच हजारांच्या घरात आहे. तेव्हा ‘अन्नपुरवठा’ लिहिताना ‘रेशनचा’ की ‘देशाचा एकूण’ हे एकदा तरी स्पष्ट करावे.

आता खुद्द ‘अन्नधान्य’. सरकारी अर्थाने त्यात तृणधान्ये आणि कडधान्ये एवढेच येते. भुईमूग, सोयाबीन, करडई यांना आपण गळितधान्य म्हणतो, नावात धान्यही आहे, पण ती अन्नधान्याच्या बेरजेत नसतात. भाताचाही घोळ होतो. कोकणात शेतातले ते भात आणि ताटातलाही भातच. आपल्या सरकारी तक्त्यात उत्पादन तांदळात देतात, जागतिक संघटनेच्या उत्पादनतक्त्यात सालासकट भातात. १०० किलो भाताचे सरकारी प्रमाणानुसार ६७ किलो तांदूळ होतात; दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली की तिसरा हिस्सा हवेतच राहतो.

कडधान्य आणि डाळ यांतला फरक तर मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण देशाच्या आहारातली खरी पडझड इथे दिसते. कडधान्यांची दरडोई उपलब्धता १९६१ मध्ये रोज ६९ ग्रॅम होती, २००१ मध्ये ३० ग्रॅम. १९६०-६१ मध्ये कडधान्ये पिकली १२७ लाख टन, २०००-०१ मध्ये १११ लाख टन; मधल्या काळात लोकसंख्या दुपटीहून पुढे गेली. ओलिताची जमीन आणि सरकारी खरेदी गहू-तांदळाकडे गेली, तूर-हरभरा कोरडवाहूवर राहिले. २०१६-१७ मध्ये उत्पादनाने २३१ लाख टनांपर्यंत उडी घेतली आणि दरडोई आकडाही सावरला. पण या ३० ग्रॅमना ‘रोजची ३० ग्रॅम डाळ’ लिहू नये. ते अख्खे कडधान्य आहे. तूर गिरणीत भरडली की १०० किलोंमागे साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, बाकी चुणी आणि टरफल जनावरांना जाते.

‘दरडोई’ला काळाचे माप जोडायला विसरू नये : तक्ता रोजचे ग्रॅम आणि वर्षाचे किलो देतो, सर्वेक्षण महिन्याचे किलो. डोई म्हणजे डोके, त्यात तान्हे मूलही मोजलेले असते. आणि एका वर्षाची दुसऱ्या वर्षाशी तुलना करण्याऐवजी पाच-पाच वर्षांच्या सरासऱ्या घ्याव्यात, म्हणजे एखाद्या दुष्काळाने किंवा भरलेल्या गोदामाने वाक्य फिरत नाही. तुमचे वाक्य असे लिहिता येईल : ‘१९९१ च्या तुलनेत २००१ मध्ये अन्नधान्याची दरडोई निव्वळ उपलब्धता रोजच्या ९४ ग्रॅमने कमी होती, त्या वर्षी सरकारी साठ्यात मोठी भर पडली होती.’ स्वल्पविरामानंतरचा भाग गाळू नये.