कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅली या वाळवंटी पार्कमध्ये पहिल्यांदा गाडी घेऊन जाताय ना, मग आर्टिस्ट्स ड्राइव्ह हा रंगीत डोंगरांमधला रस्ता दुपार कलल्यावरच करा

लास वेगासहून येणार असाल, तर वाटेतल्या पाहरम्प गावाला टाकी फुल करा, पार्कमध्ये पेट्रोल बरंच महाग पडतं. ऑफलाइन मॅप आदल्या रात्रीच डाउनलोड करा, आत बहुतेक ठिकाणी रेंज नसते आणि जीपीएसने कच्च्या रस्त्याचा शॉर्टकट दाखवला तर अजिबात ऐकू नका.

आर्टिस्ट्स ड्राइव्ह 9 मैलांचा आहे, वन वे, दक्षिणेकडून आत शिरून उत्तरेला बाहेर, म्हणून आधी बॅडवॉटर (मिठाचं सपाट मैदान, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली!) उरका आणि परतताना उजवीकडे वळा म्हणजे या रस्त्यावरच्या आर्टिस्ट्स पॅलेट या सगळ्यात रंगीत जागी पोचेपर्यंत ऊन पश्चिमेकडून येतं आणि मग ते गुलाबी, पिवळे, हिरवट डोंगर असे काही उजळतात की बस, भर दुपारी गेलात तर सगळं फिकट दिसतं आणि लोक उगाच नाराज होऊन येतात. हे रंग ज्वालामुखीच्या खडकांतल्या खनिजांचे, लाल-पिवळा मुख्यतः लोखंडाच्या गंजाचा. रस्ता अरुंद, चढउतार भरपूर, 25 फुटांपेक्षा लांब गाडीला बंदी, त्यामुळे मोठी आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊ नका.

पाणी माणशी दिवसाला किमान 4 लिटर गाडीत ठेवाच, आणि उन्हाळ्यात नकोच, प्लीज, नोव्हेंबर ते मार्च बघा. आईबाबा बरोबर असतील तर उन्हाळा नक्कीच टाळा.