गाडी थरथरते, पण कशाच्या तालावर?

या महिन्यात थरथरीबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढे ढकलले. बहुतेक पत्रांत क्रम एकच. थरथर सुरू झाली, बॅलन्सिंग केलं, कुणीतरी माउंटिंग (इंजिन पेलणारे रबरी आधार) बदलायला लावलं, बिल झालं आणि थरथर तशीच राहिली. बिघाड सापडण्याआधीच सुटे भाग बदलायची ही सवय ताकदवान एसयूव्हीत फार महाग पडते.

माझ्याकडे व्ही-6 टर्बो पेट्रोल एसयूव्ही आहे, 20 इंची रिमवर. अटल सेतूवर 90 च्या पुढे गेलं की सीटखाली थरथर येते. स्टिअरिंग शांत असतं. बॅलन्सिंग दोनदा झालं. आता गिअरबॉक्स उतरवून बघू म्हणतात. (घाटकोपर)

गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी थरथर कशाला बांधलेली आहे ते बघायचं: गाडीच्या वेगाला, इंजिनच्या आरपीएमला, की ॲक्सिलरेटरवरच्या जोराला. अटल सेतू यासाठी उत्तम, कारण एकच वेग बराच वेळ धरता येतो. (मर्यादा 100 ची आहे, तिच्या आतच प्रयोग करा.) 95 ला थरथर आली की पॅडलने एक गिअर खाली या आणि वेग तोच ठेवा. आरपीएम चढूनही थरथर जशीच्या तशी असेल तर इंजिन आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) दोन्ही संशयातून सुटले. मग ॲक्सिलरेटरवरचा पाय हलकेच काढा. त्याच क्षणी थरथर थांबली तर संशय एक्सलच्या जॉइंटवर. नाही थांबली तर चाक किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे ताकद नेणारा लांब दांडा).

या दोघांना वेगळं करायला थोडं गणित लागतं. 275/50 मापाचा 20 इंची टायर एका फेऱ्यात साधारण 2.4 मीटर जातो, म्हणजे 100 च्या वेगाला सेकंदाला सुमारे साडेअकरा फेरे. डिफरन्शियलचं (शाफ्टची गती कमी करून चाकांना वाटणाऱ्या गिअरचं) गुणोत्तर 3.5 धरलं तर त्याच वेळी शाफ्ट सेकंदाला चाळीसेक फेरे मारतो. चाकाचा दोष अंगाला हादऱ्यासारखा लागतो, कपातलं पाणी हलताना दिसतं. शाफ्टचा दोष तळव्यांना झिणझिण्या आणतो आणि आतला आरसा धूसर करतो. फोनमध्ये कंपन मोजणारं ॲप टाकून तो गाडीच्या फरशीवर सपाट ठेवा आणि सेकंदाला किती कंपनं (हर्ट्झ) होतात तो आकडा शेजारी बसलेल्याला वाचू द्या.

आकडा 12 च्या आसपास आला तर मागचं चाक. बॅलन्सिंग मशीनवर शून्य आलं म्हणजे चाक गोल आहे असं नव्हे. खड्ड्यात रिमची आतली कड वाकते आणि बाहेरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. चाक मशीनवर फिरत असताना आतल्या कडेकडे स्वतः बघा. पुढची-मागची चाकं एकाच मापाची असतील तर अदलाबदल करा. थरथर स्टिअरिंगमध्ये आली की चोर सापडला. पावसाळी सहलीनंतर रिमच्या आत वाळलेला चिखलही हेच करतो, तेव्हा आधी प्रेशरने धुऊन घ्या.

आकडा 40 च्या आसपास आला तर शाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि त्याभोवतीचं रबर, रबर कपलिंग, आणि निखळलेलं बॅलन्सिंगचं वजन, या क्रमाने तपासा. पूर्वी कधी शाफ्ट उतरवला होता का, हेही विचारा. खुणा न जुळवता परत बसवलेला शाफ्ट अगदी असाच वागतो.

सिग्नलला डी मध्ये, एसी चालू असताना व्ही-8 गाडी हलते. मेकॅनिक चारही माउंटिंग बदला म्हणतो. (मालाड)

न्यूट्रलमध्ये टाकून बघा. थरथर बरीच कमी झाली तर माउंटिंगवर संशय रास्त आहे, कारण डी मध्ये इंजिन त्यांच्यावर रेलतं. तेवढीच राहिली तर मिसफायर (सिलिंडरमध्ये स्फोट चुकणं) बघा. 700 आरपीएमला व्ही-8 मध्ये सेकंदाला सत्तेचाळीसेक स्फोट होतात, त्यामुळे माउंटिंगची थरथर बारीक लागते. एकाच सिलिंडरचा स्फोट चुकत असेल तर सेकंदाला जेमतेम सहा झटके बसतात आणि ते वेगळे जाणवतात. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचा मिसफायरचा आकडा दिसतो. संशयित कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर लावा. दोष तिच्यामागे गेला तर कॉइल, जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर.

तुमच्या गाडीत माउंटिंग व्हॅक्यूमवर किंवा विजेवर चालणारी असतील तर ती आयडलला मऊ होतात आणि पळताना कडक. फुटकी व्हॅक्यूम नळी किंवा सैल कनेक्टर असला तर ती कडकच राहतात. महागडी माउंटिंग मागवण्याआधी ती नळी बघायला कुणाला का सुचत नाही, हे मला कोडंच आहे. माउंटिंगमधून काळपट द्रव झिरपलेला दिसला तर मात्र बदलाच.

पाऊस सुरू झाल्यापासून एअर सस्पेन्शन वरच्या उंचीवर ठेवलंय. आता सिग्नल सुटल्यावर जोरात निघालं की पुढून थडथड येते. (ठाणे)

उंची नेहमीची करा आणि पुन्हा बघा. गाडी वर उचलली की एक्सलच्या आतल्या जॉइंटचा कोन वाढतो. नव्या गाडीतही अशा कोनात पूर्ण टॉर्क दिला तर थोडी थडथड होऊ शकते. नेहमीच्या उंचीवर ती राहिली तर आतला जॉइंट झिजला आहे. पाणी तुंबलेल्या रस्त्यापुरतीच ती उंची वापरा.

60 ते 80 मध्ये, ॲक्सिलरेटर हलका असताना, रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखं वाटतं. दोन सेकंदांत थांबतं. (वाशी)

टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचचं (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचचं) हे नेहमीचं लक्षण. तसं होत असताना, मागे गाडी नाही हे बघून, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा आणि डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागेल एवढाच स्पर्श करा. बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो आणि थरथर जागच्या जागी थांबते. पण जोराखालचा मिसफायरही फसवतो, म्हणून स्कॅनर आधी. निदान पक्कं झालं की गिअरबॉक्सचं तेल बदला. ‘लाइफटाइम’ तेलावर माझा विश्वास नाही. खुद्द गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला तेल बदलायला सांगते. नेमकं त्याच ग्रेडचं तेल घ्या आणि पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजून घ्या. वेळेत केलं तर बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

आठवडाभर गाडी सोसायटीत उभी असते. रविवारी काढली की पहिले काही किलोमीटर धपधप. (दादर)

टायर एका जागी चपटे झालेत. गरम झाले की गोल होतात. हवा बरोबर ठेवा, मधे एकदा गाडी हलवा. वीसेक मिनिटांनीही धपधप राहिली तर मात्र टायर उतरवून बघा.

मागचे दोनच टायर नवे टाकले. आता पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना गाडी अडखळते. ऑल-व्हील ड्राइव्ह आहे. (पवई)

नव्या-जुन्या टायरचा घेर वेगळा, त्यामुळे पुढचा आणि मागचा शाफ्ट सरळ रस्त्यावरही वेगळ्या गतीने फिरतात आणि ट्रान्सफर केसमधला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्यातला) क्लच विनाकारण घासत राहतो. चारही टायरच्या नक्षीची खोली मोजा. अनेक कंपन्या दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. त्याहून जास्त असेल तर पुढचे दोनही त्याच ब्रँडचे, त्याच मॉडेलचे घ्या आणि ट्रान्सफर केसचं तेल बदला. तोवर एक्सप्रेसवेवरचा लांबचा प्रवास टाळा. आणि अडखळण्याऐवजी चाकातून कट-कट आवाज येत असेल, तर तो एक्सलचा बाहेरचा जॉइंट. त्याचं रबरी बूट फाटलंय का ते आजच वाकून बघा.