तळ्यातले मासे मेले, दावा मात्र चुकीच्या दारात

शिरोळ तालुक्यातल्या एका मत्स्यशेतकऱ्याचे पत्र आहे. पंचगंगेचे पाणी उपसून भरलेल्या एक हेक्टर तळ्यातले कटला, रोहू, मृगळ १४ मे २०२२ च्या रात्रीत मेले. वरच्या अंगाला साखर कारखाना आणि त्याची डिस्टिलरी. २०२३ मध्ये दिवाणी न्यायालयात १८ लाखांच्या भरपाईचा दावा लावला. त्यात कोर्टाने अजून वादाचे मुद्देही ठरवलेले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा मासे मेले. ते विचारतात, निकालाची वाट पाहू का? कृष्णाकाठ असो की भीमाकाठ, प्रश्न हाच असतो.

वाट पाहू नका. पर्यावरणाचे दावे चालवायला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण हे वेगळे न्यायपीठ आहे. त्याच्या २०१० च्या कायद्याचे कलम २९ वाचा: जी भरपाई न्यायाधिकरण देऊ शकते, तिचा दावा दिवाणी न्यायालयाला चालवताच येत नाही. हे कारखान्याच्या वकिलाला नक्की माहीत आहे. तो आज गप्प आहे, कारण प्रत्येक तारीख त्याच्या फायद्याची आहे. तुमची मुदत संपली की तो हाच मुद्दा काढेल.

ती मुदत कलम १५ मध्ये आहे. भरपाईचे कारण ‘प्रथम’ घडले तिथपासून पाच वर्षे, म्हणजे मे २०२७. पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ दिवस; त्यापुढे एक दिवसही माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. दिवाणी कोर्टात गेलेला काळ वजा करून मागता येईल, असा युक्तिवाद आहे. त्याच्या भरवशावर मी तरी एक दिवस घालवणार नाही. २०२५ ची घटना माझ्या मते स्वतंत्र कारण ठरावी. पण ‘प्रथम’ या शब्दावर समोरचा भांडेल, म्हणून दोन्ही घटनांची मुदत २०२२ पासूनच धरा.

अर्जाच्या मथळ्यावर ‘कलम १४’ (पर्यावरणाच्या वादांचे सर्वसाधारण कलम) लिहू देऊ नका. सवयीने लिहितात. त्या कलमाची मुदत सहा महिने आणि वर साठ दिवस. २०२२ साठी ती कधीच संपली. तळे पूर्ववत करून देण्याची मागणीसुद्धा कलम १५ मध्येच बसते, पाच वर्षांच्या मुदतीत.

अर्ज पुण्याच्या पश्चिम विभागीय खंडपीठात करायचा. शुल्क मागितलेल्या भरपाईच्या एक टक्का, म्हणजे १८ लाखांना १८ हजार. पण १८ लाख हा ठोक आकडा चालणार नाही. कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतल्या शीर्षांप्रमाणे रक्कम फोडून दाखवावी लागते. जलचरांची हानी हे त्यातले एक शीर्ष, बुडालेला धंदा दुसरे. माशांचा हिशेब असा मांडा: ८,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडली, ७० टक्के जगली, सरासरी वजन ७०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३.९ टन, किलोला १३० रुपये धरले तर साधारण ५ लाख १० हजार. गाळ काढणे, चुना टाकणे, बुडालेला हंगाम यांची रक्कम वेगळी दाखवा. दिवाणी दावा चालू असल्याचे त्याच अर्जात सांगणे बंधनकारक आहे. तो दावा मागे कसा घ्यायचा, हे तुमच्या वकिलाने कागद पाहून ठरवावे. अर्ज दाखल होण्याआधी मात्र घेऊ नका.

आता पुराव्याकडे. तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत नमुना भरला आणि तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दिला. बीओडीचा (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते, याच्या मोजणीचा) नमुना बर्फात ठेवून २४ तासांत पोचवावा लागतो आणि विरघळलेला प्राणवायू जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो. त्या अहवालाला फार वजन नाही. न्यायाधिकरणाला पुराव्याचा कायदा बांधील नाही, म्हणून जोडा. त्यावर उभे राहू नका.

कारखाना म्हणणार: तळ्यात मासे दाटीने सोडले, खाद्य जास्त झाले, पहाटे प्राणवायू संपला. हे खरोखर घडते, आणि डिस्टिलरीचे सांडपाणीही प्राणवायू संपवूनच मासे मारते. म्हणून तळ्यातले मेलेले मासे पाहून कारण सांगता येत नाही. निर्णायक प्रश्न हा, की त्याच दिवशी नदीत मासे मेले होते का? प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मे २०२२ आणि एप्रिल २०२५ च्या भेटींचे अहवाल, जलप्रदूषण रोखण्याच्या जल कायद्याच्या कलम २१ खाली घेतलेल्या नमुन्यांचे निकाल आणि कारखान्याला दिलेल्या नोटिसा आजच माहितीच्या अधिकारात मागा. उत्तराला तीस दिवस, अपील करावे लागले तर महिने. ग्रामपंचायतीची तक्रारवही आणि तलाठ्याचा पंचनामाही काढा. खाद्याची नोंदवही तुम्ही ठेवलेली नाही. निदान खाद्याच्या पावत्या शोधा.

नदीतून उपशाचा पाणी परवाना त्या हंगामात चालू होता ना? नसेल तर पहिला हल्ला तिथेच होईल.

आणि बीजाच्या पावतीवर ‘मांगूर ५००’ असे लिहिले आहे. देशी मांगूर असेल तर हरकत नाही. थाई मांगूर असेल तर त्याच्या संवर्धनावर केंद्राची २००० सालापासून बंदी आहे आणि साठे नष्ट करण्याचे आदेश याच न्यायाधिकरणाने दिलेले आहेत. विक्रेत्याकडून जात लेखी घ्या. थाई निघाला, तर त्या पाचशे माशांची भरपाई मागू नका, आणि तळ्यात तो नव्हताच असे प्रतिज्ञापत्रावरही लिहू नका.