गोल्फच्या राउंडमध्ये पंधरावा क्लब (चेंडू मारायची काठी) सापडला तर बाद होतो का?

तिसऱ्या होलवर बॅगेत पंधरावा क्लब दिसला म्हणून घाबरलात, पण तेवढ्याने बाद होत नाही. मर्यादा 14 क्लबची. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळतात तो प्रकार) जादा क्लब सोबत असलेल्या प्रत्येक होलला दंडाचे दोन स्ट्रोक (फटके), राउंडला जास्तीत जास्त चार. मात्र लक्षात येताच, पुढचा फटका मारायच्या आत, जादाचा क्लब बॅगेत उलटा खोचा किंवा सोबतच्या खेळाडूला तसं सांगा. नाहीतर खरंच बाद.

जास्त धोका क्लबची जुळणी बदलायच्या छोट्या पान्याचा! राउंड चालू असताना ड्रायव्हरचा (लांब फटक्याचा क्लब) लॉफ्ट, म्हणजे त्याच्या तोंडाचा कोन, बदलून फटका मारला की थेट बाद. फटक्याआधी पूर्ववत केला तर चालतं. रागाने आपटून वाकवलेला क्लब वापरता येतो, बदलता मात्र येत नाही.