वाचकांचे प्रश्न : मुंबईजवळ एका दिवसात काय पाहावे?

प्रश्न : आम्ही सोलापूरचे चौघे जण डिसेंबरात रविवारच्या लग्नासाठी मुंबईला येत असून बोरिवलीत नातेवाइकांकडे उतरणार आहोत. सोमवारचा दिवस मोकळा आहे. त्या दिवसात घारापुरी, कान्हेरी आणि वसईचा किल्ला पाहून रात्रीची गाडी गाठता येईल का?

उत्तर : तीनही ठिकाणे एका दिवसात होणार नाहीत आणि सोमवारी तर त्यांपैकी दोन मुळीच पाहता येणार नाहीत, कारण घारापुरीची लेणी आणि कान्हेरी ज्याच्या आत आहे ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही दोन्ही सोमवारी बंद असतात. बाहेरगावचे पाहुणे लेकरांना घेऊन सोमवारीच उद्यानाच्या दारापर्यंत जातात आणि हिरमुसून परततात, म्हणून हे आधीच ठळकपणे सांगतो. तिकीट पुढे ढकलणे शक्य नसेल, तर सोमवारी वसई पाहावी. सकाळी गर्दीचा लोंढा चर्चगेटच्या दिशेने जात असल्यामुळे बोरिवलीहून विरारकडे जाणाऱ्या लोकलमध्ये निवांत जागा मिळते. संध्याकाळी मात्र विरारकडे जाणाऱ्या गाड्या तुडुंब भरतात. वसई रोड स्थानकापासून किल्ला काही किलोमीटर दूर आहे, तिथवर बस किंवा रिक्षा मिळते. पोर्तुगीज चर्चच्या छप्पर उडालेल्या भिंती, त्यांच्या फरशीवरील लेख कोरलेले थडग्यांचे दगड आणि चिमाजी अप्पांनी 1739 च्या मे महिन्यात हा किल्ला घेतल्यानंतरची मराठ्यांची मंदिरे, हे सारे एकाच तटाच्या आत आहे. आत खाण्याची सोय गृहीत धरू नये. पाणी आणि डबा बरोबर ठेवावा.

मुक्काम मंगळवारपर्यंत वाढवता आला, तर माझा आग्रह कान्हेरीसाठी राहील. आपण उतरणार आहात तेथून उद्यानाचे प्रवेशद्वार जवळच आहे, आणि आत लेण्यांच्या पायथ्यापर्यंत उद्यानाची बस जाते. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे काढावे लागते. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे लेणे, आणि त्याच्या ओवरीतले दोन प्रचंड उभे बुद्ध पाहतात, छायाचित्रे काढतात आणि अर्ध्या तासात खाली उतरतात. ते चैत्यगृह पाहायलाच हवे. आत शिरल्यावर काही खांबांवर कोरीव काम आहे आणि काही साधे अष्टकोनी ठेवले आहेत, हेही नजरेतून सुटू देऊ नये. पण कान्हेरीचा जीव वरच्या उतारावर आहे. शंभराहून अधिक लेणी एकमेकींच्या वर आणि शेजारी खोदलेली असून त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या त्याच खडकात कोरलेल्या आहेत. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या, म्हणजे भिक्षूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, दारापाशी जमिनीलगत एक चौकोनी तोंड दिसते. त्याच्या आत पाण्याची पोढी, म्हणजे खडकात खोदलेले टाके असते. वाकून पाहिले, तर उतारावरून येणारी बोटभर रुंदीची चर त्या तोंडाशी कशी आणून सोडली आहे, ते स्पष्ट दिसते. चार महिने कोसळणारा पाऊस वाहून जाऊ न देता त्यावर पुढचे आठ महिने भिक्षूंचा मोठा संघ जगवायचा, ही योजना त्यामागे आहे, आणि पोढीच्या खर्चाचे पुण्य कोणा दात्याने घेतले तेही काही ठिकाणी ब्राह्मी लिपीत भिंतीवर लिहिलेले आहे. हे दाते कल्याण, सोपारा, चौल अशा बंदरांतले व्यापारी होते. नव्वदाव्या लेण्यात इ. स. 1009 आणि 1021 या वर्षांत येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. हजार वर्षांपूर्वीही ही जागा दूरवरच्यांना ठाऊक होती, याचा तो पुरावा आहे. (आज मात्र कोणीही भिंतीवर नाव कोरू नये, आणि कोणी कोरताना दिसले तर पहारेकऱ्याला सांगावे.) सगळे नीट पाहायला चार-पाच तास लागतात, तेव्हा सकाळी दार उघडताच आत जावे. वानरांपासून खाऊची पिशवी जपावी.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. तिला जुने काही दाखवायचे असेल, तर कुठे न्यावे?

उत्तर : अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यावे. घारापुरीला धक्क्यापासून लेण्यांपर्यंत शंभराहून अधिक पायऱ्या आहेत, त्यामुळे ते टाळावे. अंबरनाथ स्थानकापासून रिक्षाने मंदिर फार दूर नाही. शिलाहार राजघराण्याच्या काळातले, शके 982 म्हणजे इ. स. 1060 चा लेख असलेले हे मंदिर आहे. गाभारा मंडपापेक्षा खोल असून तिथे पायऱ्या उतरून जावे लागते. आईंना तो हट्ट धरू देऊ नका, मंडपातूनच नमस्कार करावा. खरे वैभव बाहेरच्या भिंतींवर आहे आणि ते जमिनीवर उभे राहून पाहता येते. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने सकाळचे ऊन मागच्या भिंतीवर येते, दुपारनंतर ते पुढच्या बाजूला सरकते. मूर्तींचे बारकावे तिरप्या उन्हातच उठून दिसतात, म्हणून भर दुपारी जाऊ नये. महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळावेत. रविवारी जायचे असल्यास मेगाब्लॉकचे वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

प्रश्न : मी विरारच्या शाळेत शिकवते. आठवीच्या मुलांना नालासोपाऱ्याचा स्तूप दाखवायचा आहे. पण ‘तिथे नुसता मातीचा ढिगारा आहे’ असे सहकारी म्हणतात.

उत्तर : तयारी न करता गेलात, तर मुलांनाही तसेच वाटेल. पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली हा स्तूप उकरला, तेव्हा मधोमध दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, भोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती, आणि करंडकाच्या आत चांदी, दगड, स्फटिक व सोने असे एकात एक बसवलेले करंडक होते. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे मिळाले. गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते श्रद्धेने जपलेले असावेत. या वस्तूंची छायाचित्रे बरोबर न्या आणि स्तूपापाशी उभे राहूनच ही हकिगत सांगा. विटांच्या त्या ढिगाऱ्याकडे मुले मग वेगळ्या डोळ्यांनी पाहतील. सोपाऱ्याला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडेही सापडले आहेत. ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत, तेव्हा पुढच्या सहामाहीत त्याच तुकडीला तिथे नेण्याची परवानगी मुख्याध्यापकांकडे आताच मागून ठेवावी.