वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपचं इंजिनकाम

प्रश्न : आमच्याकडे हरिकेन पेट्रोल इंजिनाचा जुना महिंद्रा पिकअप आहे. आंब्याच्या पेट्या भरून घाट चढताना निळा धूर येतो. एक मेकॅनिक म्हणतो रिंगा टाकू, दुसरा म्हणतो डिझेल इंजिन बसवा. काय करावं?
– वाचक, देवगड

उत्तर : आधी मोजा, मग खोला. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने घ्या. सिलिंडरांमध्ये १० पौंडांहून (दर चौरस इंचाला) जास्त फरक नको. कमी आकडा आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा घ्या. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) गेलेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. चढावर धूर म्हणजे बहुधा रिंगा. उतारावर पाय काढून पुन्हा दिल्यावरच धूर येत असेल तर इनलेट गाइड, म्हणजे इनलेट व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी, बघा.

नुसत्या रिंगा टाकायची घाई करू नका. अंडाकृती झालेल्या बोअरमध्ये नवी रिंग बसत नाही, दोन महिन्यांत धूर परत येतो. मूळ बोअर ३.१२५ इंच. वर-खाली ५ थाऊहून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक असेल तर बोअरिंग कराच, म्हणजे भोक मोठं करून मोठा पिस्टन घाला. पण पिस्टन आधी हातात घ्या. लेथवाल्याने पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्यावरून बोअर करायचं, डब्यावरच्या ‘२० थाऊ’वर विसंबून नाही. मग रिंग बोअरमध्ये सरळ बसवून गॅप बघा : बोअरच्या दर इंचाला ४ थाऊ, म्हणजे साधारण १२. गॅप कमी पडला तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या झाकणात) आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. २००० साली शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं, त्यामुळे व्हॉल्व्ह बसतो ती मऊ सीट झिजून व्हॉल्व्ह आत जातो आणि टॅपेटचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) गॅप आपोआप कमी होतो. ब्लॉक मोकळा आहे तोवरच कडक सीट बसवून घ्या, नंतर पुन्हा सगळं खोलावं लागेल. गॅप थंड इंजिनावर : इनलेट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६.

हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरखालच्या तोंडात आत दडलेला असतो. तो राहिला की हेड उपटताना तडकतं, बसवताना राहिला की गास्केट फुंकतं. सगळे बोल्ट टॉर्क रेंचने ६० ते ७० फूट-पौंड, मधल्यापासून बाहेर.

आता सुधारणा. पंपावरच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि फ्युएल पंपाचा पडदा सुजून गळतात, तेव्हा दोन्ही इथेनॉल चालणारे घ्या. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटऐवजी (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) इलेक्ट्रॉनिक इग्निशन हा खर्च वसूल होणारा आहे. दमट हवेत पॉइंट फार लवकर गंजतात. वॉटर जॅकेटमधला (ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीतला) गाळ वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या, काढून खरवडा, त्या नव्याच घाला आणि विहिरीच्या पाण्याऐवजी डिमिनरलाइज्ड पाणी व कूलंट समसमान भरा.

डिझेल इंजिनाचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आधी लागते. शिवाय जास्त वजन आणि धक्के सोसायला माउंटिंगपासून क्लचपर्यंत सारं बदलावं लागतं. ब्लॉक तडकलेला नसेल तर आमचं मत स्पष्ट आहे : हेच इंजिन बांधा, ते चांगलं आहे.

प्रश्न : पावसाळाभर उभ्या राहिलेल्या याच इंजिनाच्या गाडीचं इंजिन जाम झालंय. ओढून सुरू करू का?
– वाचक, वेंगुर्ला

उत्तर : अजिबात नको, गंजलेली रिंग बोअर ओरबाडेल किंवा रॉड वाकेल. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल समसमान मिसळून दोन चमचे घाला, दोन-तीन दिवस ठेवा. मग हँडलने पुढे-मागे हलकं डोलवा. जोर लावावा लागला तर थांबा, हेड काढा. फिरलं तर बाजूचं कव्हर उघडून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली बसताहेत का बघा, गाइडमध्ये चिकटलेले असतात. खाली उतरलेलं डिझेल ऑइलमध्ये मिसळलेलं असतं, तेव्हा ऑइल बदलूनच सुरू करा. पुढच्या जूनला गाडी लावताना सायलेन्सरच्या तोंडात तेलाचा बोळा घाला, कारण उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून खारी हवा सरळ बोअरपर्यंत पोचते.